कायदा बदलला, पण अर्धाच

‘ज्यू धर्मशास्त्र दोन हजार वर्षांत तसूभरही हललेलं नाही, म्हणून बायका घटस्फोटाविना अडकतात’ हे ज्यू घटस्फोटावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या नियमाप्रमाणे नवरा बायकोच्या मर्जीविरुद्धही तिला सोडू शकत होता. साधारण इ.स. 1000 च्या सुमारास राबी (ज्यू धर्मगुरू) गेर्शोम यांच्या नावाच्या आदेशाने युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये ते बंद झालं, दुसरी बायको करणंही बंद झालं. खरी अडचण पुढे आहे. ‘गेट’ म्हणजे 12 ओळींचं सोडपत्र. ते नवऱ्याच्या सांगण्यावरून त्याच जोडप्यासाठी लिहिलं जातं, दोन साक्षीदार सही करतात आणि ते बायकोच्या हातात पडावं लागतं. नवऱ्यावर नाहक जबरदस्ती झाली तर गेट रद्द, म्हणजे पहिलं लग्न कायम, आणि तिच्या पुढच्या लग्नातली मुलं ‘मामझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातली, ठरतात. बायको अडून बसली तर नवऱ्याला 100 राबींच्या परवानगीने दुसरं लग्न करायची पळवाट तरी आहे, तिला तेवढीही नाही. हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट म्हणायलाच हवा.

लेखात विवाहपूर्व कराराचा उल्लेखच नाही, हे फार खटकलं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) राबींच्या करारात वेगळं झाल्यावर नवरा रोज 150 डॉलर पोटगी देणं लागतो, गेट होईपर्यंत. हा दंड नाही, पोषणाची जबाबदारी आहे, त्यामुळे गेट सक्तीचं ठरत नाही. इस्रायलमध्ये 1995 च्या कायद्याने राबींचं न्यायालय गेट अडवणाऱ्याचा वाहन चालवण्याचा परवाना रोखू शकतं, तुरुंगातही टाकू शकतं. परागंदा नवऱ्यापुढे मात्र दोन्ही उपाय लंगडे पडतात, आणि करार लग्नाआधीच केलेला बरा. भांडण पेटल्यावर अडवणारा नवरा सही कशाला करेल?