गांजावर संशोधनाला अमेरिकेत बंदी? नाही, खेटे आहेत

गांजाच्या औषधी उपयोगांचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: अमेरिकेने 1970 साली कायदा करून गांजावर संशोधन करायलाच बंदी घातली, पीक घ्यायची मुभा एकाच विद्यापीठाला दिली, त्यामुळे पुरावा कधी तयार झालाच नाही, आणि त्याच सरकारने गांजाच्या औषधी गुणांचं पेटंट मात्र गुपचूप स्वतःच्या नावावर केलं. आता शेड्यूल (कायद्यातला गांजाचा वर्ग) बदललं की सगळं मोकळं. यातलं प्रत्येक वाक्य खऱ्याच्या शेजारी उभं आहे, म्हणून पटकन पटतं.

“कायद्यानं संशोधनावर बंदी आहे.”

नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 27 ऑक्टोबर 1970 रोजी सही केलेल्या कायद्यात कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट हा भाग आहे. त्यात पाच शेड्यूल, म्हणजे अनुसूची आहेत. गांजा पहिल्या अनुसूचीत घातला गेला. या अनुसूचीचे निकष तीन: गैरवापराची मोठी शक्यता, मान्य वैद्यकीय उपयोग नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीही सुरक्षित वापराची खात्री नाही. अशी वस्तू डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही, हे खरं. पण संशोधकासाठी त्याच कायद्यात वाट आहे: अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या ड्रग एन्फोर्समेंट ॲडमिनिस्ट्रेशनकडे (डीईए) नोंदणी करायची आणि प्रयोगाचा आराखडा आरोग्य खात्याकडून तपासून घ्यायचा. (संदेशाला कधी कधी ‘आपल्याकडेही तेच’ अशी शेपूट जोडलेली असते. आपल्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम 8 वाचा. बंदी घालतानाच ते वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणं वगळतं.)

ही वाट कशी आहे ते पाहिलं की ‘बंदी’ हा शब्द का रुजला तेही कळतं. नोंदणीचा अर्ज फॉर्म 225 वर, दर वर्षी नूतनीकरण. सोबतच्या आराखड्यात संशोधकाची पात्रता, प्रयोगाचा हेतू, पदार्थाचं नाव, लागणारं प्रमाण, तो कुठून येणार, माणसांवर की प्राण्यांवर, किती जणांवर, मात्रा किती, कोणत्या मार्गाने आणि किती दिवस, साठवण कुठे आणि सुरक्षा कशी, हे सगळं लिहावं लागतं. माणसांवर प्रयोग असेल तर एफडीएकडे, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, वेगळा अर्ज. हरकत घ्यायला त्यांना 30 दिवस. शिवाय संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, आणि काही राज्यांत राज्याची परवानगी वेगळी.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला मालाच्या स्रोताचा. एफडीएला मालाची रासायनिक माहिती हवी आणि डीईएला पुरवठादाराचं नाव. म्हणजे परवानगी हातात नसताना आधी पुरवठादार पक्का करून त्याचं पत्र आणायचं. दुसरा घोळ प्रमाणाचा. आराखड्यात लिहिलेले ग्रॅम मोजून-मापून असतात. चाचणीत वाया जाणारा आणि दर्जा तपासायला लागणारा माल त्यात धरला नाही, तर मधेच साठा संपतो. जादा मालासाठी नव्याने विनंती करावी लागते. जुन्या नियमानुसार ती पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवायची! रुग्ण मात्र ठरल्या दिवशी दारात हजर असतो.

साठवणुकीसाठी बँकेसारखी तिजोरी लागते, असंही ऐकू येतं. संशोधकासाठी नियमाचे शब्द ‘नीट कुलूप लावलेलं, भक्कम बांधणीचं कपाट’ एवढेच आहेत. 2 डिसेंबर 2022 रोजी गांजाच्या संशोधनासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार पूर्ण अर्ज आल्यापासून 60 दिवसांत डीईएने मंजुरी द्यायची किंवा आणखी माहिती मागायची. हा ‘किंवा’ किती लांबवता येतो, ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको.

“एकाच विद्यापीठाला परवानगी.”

हे अर्धशतकभर खरं होतं. 1968 पासून 2021 पर्यंत संशोधनाचा गांजा मिसिसिपी विद्यापीठातूनच येत असे. पण ‘एकच’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पीक सरकारी यंत्रणेने ताब्यात घ्यायचं असतं, तेही कापणीनंतर चार महिन्यांच्या आत. त्याचा अर्थ अमेरिकी प्रशासनाने ‘एकच कंत्राट’ असा लावला. डिसेंबर 2020 मध्ये नवा नियम काढून तोच करार पाळत जास्त उत्पादकांना वाट करून दिली, आणि 2021 पासून इतरांची नोंदणी सुरू झाली. संशोधकांची खरी तक्रार संख्येपेक्षा मालाबद्दल होती. राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या दुकानातल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, सर्रास 15 ते 20 टक्के, आणि संशोधनासाठी मिळणाऱ्या सरकारी सिगारेटीत त्याचा जेमतेम काही हिस्सा. अशा मालावर काढलेला निष्कर्ष दुकानातल्या गिऱ्हाइकाला कितपत लागू होणार?

“म्हणून पुरावाच नाही.”

2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. एचआयव्हीमुळे नसांच्या वेदना होणाऱ्या 50 रुग्णांनी ती पूर्ण केली. अर्ध्यांना 3.56 टक्के टीएचसीच्या सिगारेटी, उरलेल्यांना हुबेहूब तशाच पण सक्रिय घटक काढून टाकलेल्या. दिवसातून तीन, पाच दिवस. पहिल्या गटातल्या रोजच्या वेदना 34 टक्क्यांनी घटल्या, दुसऱ्या गटातल्या 17 टक्क्यांनी. ही चाचणी पहिल्या अनुसूचीतल्याच नोंदणीवर आणि मिसिसिपीच्याच मालावर झाली. 2017 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेने 10,000 हून अधिक शोधनिबंधांचे सारांश चाळले. प्रौढांचं जुनाट दुखणं, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, या तिन्हींसाठी भरीव पुरावा असल्याचं तिने नोंदवलं. जून 2018 मध्ये एफडीएने एपिडायोलेक्सला मान्यता दिली. हे गांजातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकापासून बनवलेलं, तेव्हा अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी मान्य झालेलं औषध.

पुरावा तुटपुंजा आहे ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि त्याचं एक मोठं कारण संदेशात येतच नाही: पैसा कोणत्या प्रश्नावर खर्च झाला? 2015 या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी गांजातल्या रसायनांच्या संशोधनावर सुमारे 11.1 कोटी डॉलर खर्च केले. त्यातले सुमारे 6.6 कोटी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजचे (नायडा), आणि नायडाच्या वाट्यातले जेमतेम 16.5 टक्के औषधी उपयोगांच्या अभ्यासाला. यात कट शोधायची गरज नाही. 1974 साली स्थापन झालेल्या या संस्थेला काम नेमून दिलंय तेच व्यसनाचं. ज्याला व्यसन अभ्यासायला बसवलंय तो व्यसनच अभ्यासणार. औषधी बाजूसाठी तितक्याच वजनाचं दुसरं घर कोणत्याच कायद्याने उभं केलं नाही. टीका करायची तर इथे करावी.

“सरकारने गुपचूप पेटंट घेतलं.”

पेटंट क्रमांक 6630507, मंजुरी 7 ऑक्टोबर 2003, मालक अमेरिकेचं आरोग्य खातं. पेटंट जाहीरच असतं, त्यामुळे ‘गुपचूप’ खोडून टाका. शोधकर्त्यांत नोबेलविजेते ज्युलियस ॲक्सेलरॉड आहेत. मूळ काम प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूपेशींवरचं. भर सीबीडीसारख्या नशा न आणणाऱ्या घटकांवर. सरकारी शास्त्रज्ञांच्या शोधाचं पेटंट सरकारच्या नावावर जाणं ही नेहमीची रीत. आणि पेटंटला कल्पना नवी, सहज न सुचणारी आणि उपयोगी वाटण्याजोगी असली की पुरतं. रुग्णावर गुण आल्याचा पुरावा लागत नाही. तो एफडीएला लागतो. 2019 मध्ये या पेटंटची मुदत संपलीसुद्धा.

“शेड्यूल बदललं की सगळं मोकळं.”

गांजा पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव मे 2024 मध्ये निघाला. त्या अनुसूचीतल्या पदार्थाला आराखड्याची डीईएमार्फत होणारी छाननी लागत नाही, आणि माल मागवायचा फॉर्म 222 सुद्धा नाही. एवढ्यानेही बरेच महिने वाचतात. पण एफडीएचा अर्ज राहतो, नोंदणी राहते, आणि माल डीईएकडे नोंदलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा हा नियमही राहतो. राज्याच्या परवान्यावर चालणारं कोपऱ्यावरचं दुकान त्यात बसत नाही.

कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी यावर उपाय म्हणून गाडीतच प्रयोगशाळा थाटली. सहभागी माणूस ठरवून दिलेला माल स्वतः दुकानातून विकत आणतो आणि स्वतःच्या घरात ओढतो. गाडी बाहेर रस्त्यावर उभी. आधी एकदा गाडीत येऊन रक्त द्यायचं आणि चाचण्या करायच्या, मग घरात जाऊन ओढायचं, की पुन्हा गाडीत. संशोधक मालाला हात लावत नाहीत, आणि माल गाडीत येत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 121 जणांची तपासणी झाली. काहींकडे 16 किंवा 24 टक्के टीएचसीची फुलं होती, काहींकडे 70 किंवा 90 टक्क्यांचा अर्क. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तात टीएचसी दुपटीहून जास्त सापडलं, तरी तोल आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले.