आजीसाठी नोव्हेना केली, तरी आजी गेली

टॅक्सीवाल्याने विषय काढला आणि म्हापशाच्या बाजाराकडचा आमचा कट्टा एकदम तापला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणतो, रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, येणार नाही; कन्फर्मेशनच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या संस्काराच्या, वर्गालाही बसणार नाही.

"माझ्या बापाने कानाखाली दिली असती," टॅक्सीवाला म्हणाला. "तेर्स, म्हणजे घरची जपमाळ, झाल्याशिवाय आमच्याकडे पानं वाढत नसत. लादायन, ती लांबलचक विनवणी, संपेपर्यंत गुडघ्यांवरून हलायचं नाही. आम्ही काय बिघडलो?"

"बिघडला नाहीस, पण बायबल शेवटचं कधी उघडलंस?" नगरवाला म्हणाला. आमच्यातला तो एकटाच प्रोटेस्टंट. "गुडघ्यांवर बसवून विश्वास येत नसतो. सोड त्याला. त्याचं त्याला कळेल."

मला दोघांचंही पटेना. मी वसईचा, आमच्याकडे मिस्सा मराठीत. इथे मुलं कोकणीत मिस्सा ऐकतात, शाळेत इंग्रजी बोलतात, म्हणून घरची जपमाळ आम्ही मराठीतच ठेवली आहे. ती रोज ठरल्या वेळेला होते. कोणाला लहर आली म्हणून नव्हे. मुलांना 'वाटेल तेव्हा' म्हटलं की ते कधीच वाटत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मास्तर इतका वेळ गप्प होते. हिंदू घरातले, मराठीचे शिक्षक. त्यांनी सरळ विचारलं, "पण पोराने कारण काय सांगितलं?"

टॅक्सीवाल्याने ग्लास खाली ठेवला. आजी आजारी होती तेव्हा घरात नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, केली होती. आजी गेली. मुलाने दोत्रीनच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात विचारलं, मग प्रार्थनेचं काय झालं? तिथे त्याला गप्प बसवलं. घरी येऊन बापाला विचारलं, तर बाप म्हणाला, देवाला असं विचारायचं नसतं.

"कोणी सांगितलं विचारायचं नसतं?" मी जरा आवाज चढवूनच म्हणालो. जपमाळेत आपण येशूच्या आयुष्यातले प्रसंग आठवतो, त्यांना रहस्यं म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं म्हणतो. त्यातलं पहिलंच गेथशेमानी बागेचं. येशू पित्याला म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला का? नाही झाला. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून तो ओरडतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? म्हणजे या पोराचा प्रश्न खुद्द येशूच्या तोंडी आहे. आठवड्यातून दोनदा हा मुलगा ते रहस्य म्हणतो आणि ते त्याच्या आजीबद्दलही आहे, हे त्याला कोणी दाखवत नाही. दहा नमो मारिया भराभर उरकल्या की पुढचं रहस्य. आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा गुरुजनांमध्ये बसून काय करत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. तेही आपल्याच जपमाळेत आहे, आनंदाच्या पाचव्या रहस्यात.

"ही कामं पाद्रीबाबांची," टॅक्सीवाला पुटपुटला.

नाही, ती आपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, ते भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. बायबलमध्ये पौल आपल्या शिष्याच्या, तीमथ्याच्या, विश्वासाबद्दल लिहितो, तेव्हा आधी नाव घेतो त्याच्या आजीचं, लोईसचं, मग आईचं, युनीकेचं.

मास्तरांनी इथे गोव्यात राहिलेल्या इंग्रज पाद्रीला, फादर स्टीफन्सना, आणलं. राशोलला १६१६ साली छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची मराठी ओव्यांतली कथा, मास्तर वर्गात आवडीने सांगतात. याच माणसाने प्रश्नोत्तरांची कोकणी दोत्रीनही लिहिली, ती १६२२ साली छापली गेली. पण तेवढ्यावर न थांबता बसून ऐकायला दहा हजारांवर ओव्याही रचल्या. "तुम्ही पोरांना नुसती उत्तरं पाठ करायला लावता," मास्तर म्हणाले, "गोष्ट सांगतच नाही." नगरवाल्याने जोरात मान हलवली.

मग खरा वाद पेटला. माझं म्हणणं, मुलाने रविवारी घरच्यांबरोबर मिस्साला यावं. ते कुटुंबाचं जाणं आहे. कन्फर्मेशन मात्र लांबवावं. बाप्तिस्म्यात त्याच्या वतीने आईबापांनी वचनं दिली. कन्फर्मेशनला ती त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायची असतात. मनात गाठ असताना ती वदवून घेऊ नयेत.

"मग मिस्साला ओढायचं ते कोणत्या तोंडाने?" नगरवाला म्हणाला. "एकीकडे सक्ती, एकीकडे मोकळीक!"

"जेवायला सगळ्यांबरोबर बसवतोस ना? त्याला सक्ती म्हणतोस का?"

"भूक नसली तर मी वाढत नाही."

यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. टॅक्सीवाला मात्र वेगळ्याच काळजीत होता. "उद्या शुक्रवार. पहिलं रहस्य मी सांगेन. पण आजी का गेली असं त्याने परत विचारलं तर?"

"मलाही माहीत नाही म्हण. आणि मलाही ती हवी होती, असं सांग. तुझी आई होती ती."

"मार्कचा चौदावा अध्याय वाचून दाखव आधी," नगरवाला म्हणाला. "सगळा. चार ओळींत उरकू नकोस."

ते त्याने कबूल केलं. कन्फर्मेशन लांबवायला मात्र तो अजून तयार नाही. बायको ऐकायची नाही म्हणतो.