बोली लावायच्या आधी विक्रेता वाचा

ऑनलाइन लिलावात कुणी फसलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर शंका नाही आली?" मला हा प्रश्नच पटत नाही. लिलावात सुरुवातीला सगळंच स्वस्त असतं, आपण जातो ते त्याचसाठी. आणि तिथली किंमत विक्रेता ठरवत नाही, बोली लावणारे आपणच ठरवतो. त्यामुळे किंमत बघून सावध व्हायची आपली नेहमीची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जी काही चौकशी करायची ती पहिल्या बोलीच्या आधी करा. एकदा बोली लावली आणि 'सध्या तुमची बोली सर्वात वर आहे' असं स्क्रीनवर दिसलं, की वस्तू मनाने आपली झालेली असते. मग आपण तपासत नाही, फक्त स्वतःची समजूत घालत बसतो.

याचं मासलेवाईक उदाहरण २००० सालचं आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या अमेरिकन साइटवर एक अमूर्त चित्र लिलावाला आलं. विक्रेत्याचा आव असा, की आपल्याला चित्रातलं काही कळत नाही, घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालंय. बोली सुरू झाली २५ सेंटपासून. चित्र रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकन चित्रकाराचं आहे असं त्याने एका शब्दाने म्हटलं नाही. फोटोत कोपऱ्यात 'आर डी' अशी अक्षरं तेवढी दिसत होती. बाकीचं लोकांनी स्वतःच जुळवलं. या येड्याला कळत नाहीये, आपल्याला कळलंय! बोली गेली १,३५,८०५ डॉलरवर. मग उघड झालं की विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच चित्रावर बोली लावली होती. ईबेने विक्री रद्द केली, आणि पुढे प्रकरण कोर्टात गेल्यावर त्याने गुन्हा कबूल केला. आपल्याच मालावर आपल्याच माणसांकरवी बोली चढवायच्या या प्रकाराला शिल बिडिंग म्हणतात. पण मला त्यातली खरी मेख वेगळी वाटते. चित्र डीबेनकॉर्नचं आहे हे खोटं विक्रेत्याने तोंडाने सांगितलंच नव्हतं. लोभाने उरलेलं काम केलं.

म्हणून वस्तूच्या आधी विक्रेता. आणि विक्रेता बघायचा म्हणजे रेटिंगचा आकडा बघायचा नाही.

९८ टक्के ऐकायला झकास वाटतं. पण ज्याला ५,००० लोकांनी रेटिंग दिलंय त्याच्या बाबतीत उरलेले दोन टक्के म्हणजे १०० वैतागलेले ग्राहक. शाळेतल्या टक्केवारीसारखं हे वाचू नका, इथे चांगले विक्रेते ९९ च्या वरच असतात. लोक वाईट शेरा द्यायला मुळात कचरतात. पूर्वी तर ईबेवर विक्रेताही उलट ग्राहकाला वाईट शेरा देऊन सूड उगवू शकायचा, त्यामुळे लोक गप्प बसायचे. २००८ मध्ये ते बंद केलं. भीड मात्र पुरती गेलेली नाही.

आणि या आकड्याला बाजारात किंमत आहे, अगदी मोजलेली. काही संशोधकांनी एका मुरलेल्या पोस्टकार्ड विक्रेत्याला हाताशी धरून प्रयोग केला. तसाच माल थोडा त्याच्या जुन्या खात्यावरून विकला, थोडा नव्या, अनोळखी खात्यांवरून. जुन्या खात्याला ग्राहक सरासरी सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गोष्टीला भाव येतो तिची नक्कल होणारच. चिल्लर किमतीच्या वस्तू विकून शे-दोनशे छान शेरे गोळा करायचे आणि मग एक दिवस महागडे लॅपटॉप लिलावाला काढायचे, ही जुनी युक्ती आहे. किंवा दुसऱ्याचं जुनं, चांगलं नाव असलेलं खातं हॅक करायचं.

तेव्हा मी आधी वाईट शेरे वाचतो, नंतर मध्यम, चांगले सर्वात शेवटी. 'पार्सल उशिरा आलं' कडे दुर्लक्ष करतो. 'वर्णनात होतं ते आलं नाही' आणि 'उत्तरच देत नाही' हे दोनदा-तीनदा दिसलं की पुढे बघत नाही, वस्तू कितीही गोड असो. मग त्याने आजवर काय विकलंय ते पाहतो. वर्षानुवर्षं लहान मुलांचे कपडे विकणारं खातं मध्येच बरेच महिने शांत होतं आणि एकदम सहा नवेकोरे फोन घेऊन उगवतं, तर ते खातं बहुधा त्या मूळ माणसाच्या हातात राहिलेलं नाही. वाईट शेऱ्याला विक्रेता काय उत्तर देतो हेही बघण्यासारखं असतं. ग्राहकाला तिथेच शिव्या घालणारा माणूस उद्या आपल्यालाही घालणार.

आता वर्णन. जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा आहे असं धरा. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रेत्याने टाकलेल्या वर्णनात, लिहिलंय, 'आजोबांचा कॅमेरा, मला यातलं कळत नाही, चालतो का तपासलेलं नाही, आहे तसा.' वाचून वाटतं, किती प्रामाणिक माणूस! मग त्याचा बाकीचा माल उघडून बघा. चाळीस कॅमेरे विकलेत आणि प्रत्येक वेळी आजोबाच आहेत. ज्याचा धंदाच कॅमेऱ्यांचा, त्याला एक बॅटरी घालून बटण दाबून बघता येत नाही? माझ्या हिशेबी 'तपासलेलं नाही' याचा अर्थ 'बंद आहे' असाच धरायचा आणि बोलीही बंद कॅमेऱ्याचीच लावायची.

विक्रेत्याला प्रश्न विचारायला लाजू नका, पण 'कंडिशन कशी आहे?' हा प्रश्न नाही. त्याला 'मस्त आहे' हेच उत्तर येतं. असं विचारा: शटर सगळ्या स्पीडवर चालतं का? लेन्सच्या आत बुरशी आहे का? मागून टॉर्च धरून लेन्सचा एक फोटो पाठवाल का? सिरियल नंबर दिसेल असा आणखी एक? खरा विक्रेता कुरकुरेल, पण पाठवेल. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो पाठवू शकत नाही, कारण त्याचे फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी लिस्टिंगमधून उचललेले असतात. तेही इमेज सर्च करून मिनिटात कळतं. हे सगळं साइटच्याच मेसेजमध्ये विचारा, म्हणजे उद्या भांडायची वेळ आली तर कागद हातात राहतो.

आणि शीर्षक शेवटपर्यंत वाचा. नव्याकोऱ्या गेमिंग कन्सोलच्या नावाखाली निव्वळ रिकामा खोका विकल्याची प्रकरणं झालीत. फोटो कन्सोलचा, आणि 'फक्त बॉक्स' हे दोन शब्द पार तळाशी. पाठवणावळ किती तेही आधीच बघा. काही बहाद्दर वस्तू कवडीमोल दाखवून सगळी वसुली तिथेच करतात.

एवढं झालं की बोली. तिला फार डोकं लागत नाही. बहुतेक ठिकाणी प्रॉक्सी बिडिंग असतं: तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकायची, सिस्टीम गरजेपुरतीच वर सरकते. तुमची मर्यादा ५,००० आणि दुसऱ्याची ३,२०० असेल, तर तुम्हाला ३,२०० च्या एकच पायरी वर मिळतं. म्हणून खरी मर्यादा शांत डोक्याने ठरवा, एकदाच टाका आणि टॅब बंद करा. मी ती शेवटच्या मिनिटात टाकतो. लोकांना हा रडीचा डाव वाटतो, मला नाही वाटत. आधीपासून बोली दिसत राहिली की चढाओढ सुरू होते, आणि शिल बिडिंग करणाऱ्यालाही तुमची मर्यादा चाचपायला वेळ मिळतो. बोली हुकली तर हुकली. हजारात एखादी वस्तू खरोखर दुर्मीळ असते, बाकीच्या वस्तू महिन्याभरात पुन्हा येतात.

पैशांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. साइटच्या बाहेर एक पैसाही नाही. "कमिशन वाचेल, थेट खात्यावर पाठवा, थोडं कमी करतो," असं म्हणणारा तुमचे पैसे नव्हे, स्वतःचे कष्ट वाचवतोय. बँक ट्रान्स्फर, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो यातून गेलेले पैसे परत यायची आशा जवळपास सोडाच. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर 'मित्र आणि कुटुंबीय' हा पर्याय वापरून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, आणि नेमका तोच पर्याय वापरा म्हणून गळ घातली जाते. शक्य असेल तर क्रेडिट कार्ड, कारण निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे झालेला व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो.

लिलाव हरल्यावरही सावध राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी ईमेल येतो: 'ज्याने जिंकलं त्याने पैसे दिले नाहीत, तुम्हाला तुमच्या बोलीत देतो.' अशी सोय खरोखर असते, पण ती साइटवर लॉगिन केल्यावर तुमच्या खात्यातही दिसते. तिथे नसेल तर तो ईमेल बनावट. त्यातच एखादी 'एस्क्रो कंपनी' (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा मध्यस्थ) सुचवलेली असेल आणि तिची लिंकही विक्रेत्यानेच दिली असेल, तर मला पुढे काही सांगायची गरज नाही.

पार्सल आलं की फोडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलवरचा पत्ता आणि वजन दिसेल असा. पार्सल आलंच नाही तरी गाफील राहू नका: 'ट्रॅकिंगमध्ये पोहोचलं दिसतंय' यावर तक्रारी निकालात निघतात, आणि काही महाभाग तुमच्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवून ती नोंद मिळवतात. तक्रारीला मुदत असते. विक्रेता गोड बोलून नेमकी तीच घालवतो: "कुरिअरवाल्याशी बोलतोय, आठवडाभर थांबा." थांबा म्हणाला तरी तक्रार नोंदवूनच थांबा. आणि "आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच रिफंड टाकतो" म्हणाला तर पैसे खात्यात दिसेपर्यंत मागे घेऊ नका. पेपालवर तर एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, आणि हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं.