मिरजेच्या उरुसातले तंबोरे

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातील उरुसाच्या संगीतसभेविषयी दरवर्षी वर्तमानपत्रांत लिहून येते आणि त्या मजकुराचा साचा बहुधा ठरलेला असतो. आधी किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे स्मरण, मग हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशी हजेरी लावून गेलेल्यांची नामावळी आणि शेवटी यंदाच्या कलाकारांची छायाचित्रे. यात खोटे काही नाही. पण ज्या गावात ही सभा इतकी वर्षे टिकली, त्या गावाचा त्यात पत्ताच नसतो. या सभेचा इतिहास गाणाऱ्यांइतकाच सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचाही आहे आणि तो तसा लिहिला जात नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म १८७२ चा. बडोद्याहून ते दक्षिणेकडे वळले. प्लेगने आजारी असताना मिरजेला आले, दर्ग्यात राहिले आणि बरे झाले, अशी आख्यायिका गावात आजही सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांचे मीरासाहेबांशी जडलेले नाते खरे होते. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले आणि उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसून गाऊ लागले. हे गाणे बिदागीचे, म्हणजे मानधनाचे, नव्हते. ती पीराच्या चरणी लावलेली हजेरी होती. मिरजकर आजही या सभेत कलाकार ‘गायला’ असे सहसा म्हणत नाहीत, ‘हजेरी लावली’ असेच म्हणतात आणि या एका क्रियापदात या उत्सवाचे सगळे स्वरूप सामावलेले आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या सिंगपेरुमलकोइल स्थानकावर खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांचा देह मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यानंतर चिंचेखालची हजेरी त्यांच्या शिष्यांकडे आणि शिष्यांच्या शिष्यांकडे आली.

आता प्रश्न असा की, हे मिरजेतच का रुजले? पटवर्धनांच्या संस्थानाने गाण्याला आसरा दिला, हे एक उत्तर आहे. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी इथेच शिकले, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले तेही मिरजेतच. (त्याच वर्षी हिराबाईंचा जन्मही मिरजेत झाला. या गावाला १९०५ जरा जास्तच लाभले.) पण संस्थाने इतरही होती आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणचे गाणे संस्थानाबरोबरच विरून गेले. मिरजेत ते टिकले, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या त्याच हातांनी, सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली होती. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले मूळ पुरुष. उरूस संपला की गवई परत जात. स्वराची पारख करणारा कान मात्र वर्षभर गावातच मुक्काम करून असे.

खाँसाहेबांना याचे महत्त्व पुरते कळलेले होते. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात निष्णात होते आणि त्या कामाची हत्यारे जवळ बाळगत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा, अभ्यास करत होते, तेव्हा तासून तपासण्यासाठी त्यांना गळा मिळाला तो खाँसाहेबांचाच. अशा माणसाला कारागिरांच्या गावात राहावेसे वाटले, यात मला दैवी काही दिसत नाही. स्वरातले कळणाऱ्यांची ती सोबत होती.

तंबोरा कसा होतो हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून, आणि ते कित्येक महिने वाळवावे लागतात. दांडी, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी), नक्षी, पॉलिश ही कामेही कौशल्याचीच आहेत. पण मला तासन् तास बघावेसे वाटते ते जवारी काढण्याचे, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासण्याचे, काम. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी पुसट उतार असतो आणि तार त्या उतारावर कुठे टेकते व कुठून सुटते, यावर तिची आस, म्हणजे नादाची लांबण, ठरते. एकदा एक वयस्कर चाचा कानशीने घोडीवर दोन हलके हात फिरवत, तार वर चढवत, छेडत आणि मान हलवत पुन्हा उतरवत, असे जवळपास दीड तास करत होते. मला पहिल्या आणि दहाव्या खेपेतला फरक कळला नाही. अकराव्या खेपेला त्यांनी तारेखाली सुताचा एक धागा सरकवला आणि खर्जाच्या तारेतून गंधार असा वर आला की, शेजारी चहा देणारा पोरगादेखील थबकला. “आता बोलतोय,” एवढेच ते म्हणाले.

असे लोक ज्या सभेत समोर बसतात, तिथे गाणाऱ्याला सैल गाता येत नाही.

या सभेला ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ म्हणण्याचीही पद्धत आहे. उरुसात मानाचा गलेफ (मजारीवरची चादर) चर्मकार समाजाकडून चढतो, हे खरे आहे आणि सुंदरही आहे. पण २००९ च्या गणेशोत्सवात याच मिरजेत दंगल झाली, हेही खरे आहे. म्हणून ते बिरूद मला जरा जपून वापरावेसे वाटते. मुसलमान कारागिराने लावलेल्या तंबोऱ्यावर कोणी तरी जोगिया राग मांडतो आणि सगळे गुपचूप ऐकतात, एवढे झाले की मला पुरते. त्यावर भाषण नको.

भाषणांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या नावाने पुण्यात १९५३ पासून महोत्सव सुरू झाला आणि तो प्रचंड वाढला. तिथे तिकीट आहे, मांडव आहे, प्रायोजक आहेत आणि त्या आकाराला ते लागणारच. परंतु लहान गावांतल्या सभांनी त्याची नक्कल करायला घेतली की गणित चुकते. नाव न घेता सांगतो, अशाच एका गावच्या सभेत सत्कार, प्रास्ताविक आणि आभार यांत सव्वा तास गेला, लावलेले तंबोरे तोवर उतरले आणि शेवटी गायिकेला रागाचा विस्तार आवरता घ्यावा लागला. हजेरीच्या परंपरेत सत्काराला जागाच नाही, कारण तिथे येणारा काही देण्यासाठी आलेला असतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधले ॲप यांनी या धंद्याची जी गत केली आहे, ती नुसत्या मानांकनाने सुधारणार नाही. माझी मागणी फार लहान आहे. कार्यक्रमपत्रिकेवर गायक, तबला, संवादिनी यांची नावे छापता, त्याखाली एक ओळ वाढवा: तंबोरे कोणाच्या हातचे. कागद तेवढाच लागतो.

मागे एकदा सभा पहाटे संपली आणि मी स्टेशनकडे चालत निघालो होतो. बाजूने एक स्कूटर गेली. मागे बसलेल्या मुलाने गवसणी घातलेला तंबोरा छातीशी उभा धरला होता आणि खड्डा आला की, पुढचा माणूस न सांगता वेग कमी करत होता. ते सतारमेकर गल्लीकडे वळले. आत, मांडवात, अजून गायकाबरोबर छायाचित्रे काढणे चालले होते.