दिवाडीच्या धक्क्यावरून सेडान की एसयूव्ही?

आता स्पोर्ट सेडानचे, म्हणजे जमिनीलगत बसणाऱ्या वेगवान गाड्यांचे, दिवस संपले, उंच आणि दमदार एसयूव्हीच घ्यावी, असा निष्कर्ष एका लेखात वाचला; तो मला घाईचा वाटतो. बीएमडब्ल्यूचीच उदाहरणे घेतली तर एम३४०आय सेडान आणि एक्स३ एम४०आय या दोन्हींत ३ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. तरीही ताशी १०० किमीचा वेग सेडान ४.४ सेकंदांत गाठते, तर एसयूव्हीला ४.९ सेकंद लागतात. त्या अर्ध्या सेकंदाचे मला फारसे कौतुक नाही. खरा फरक गोव्याहून बेळगावला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटात कळतो, कारण वजन कमी आणि गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे सेडान वळणावर कमी झुकते आणि स्टिअरिंग फिरवताच वळते. मात्र मी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर राहतो, आणि ओहोटीच्या वेळी फेरीबोटीतून धक्क्यावर चढताना माझ्या सेडानचा पुढचा बंपर असा खर्रकन घासतो की शेजारचा स्कूटरवाला माझ्याआधी डोळे मिटतो. पावसाळ्यातील खड्ड्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे पुढची गाडी मी एसयूव्हीच घेणार आहे, पण ती वेगासाठी नव्हे, धक्क्याच्या त्या उतारासाठी. ज्यांना फेरीबोट लागत नाही आणि बेळगावला वरचेवर जावे लागते, त्यांनी सेडान सोडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.