‘आधी दगड वाचायला शिका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्रीक इतिहासाच्या साधनांवरच्या माझ्या लेखातल्या यादीत प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत : ‘प्लूटार्क म्हणजे बखर. तिला प्राथमिक साधन म्हणता? आधी दगड वाचायला शिका, शिलालेख खोटं बोलत नाहीत.’ मतभेद असू द्या, पण हा मास्तरी सूर कशासाठी? पंधरा वर्षं हेच वाचतोय. दगडांशी थोडीफार ओळख आहे.

एक मान्य. प्लूटार्क अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता, हे यादीत त्याच्या नावापुढेच यायला हवं होतं. राहिलं.

आता तुमचे दगड. ट्रोइझेन या ग्रीक नगराचा शिलालेख घ्या, 1960 साली प्रसिद्ध झालेला. इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन स्वारीच्या तोंडावर बायकामुलांना ट्रोइझेनला धाडायचं आणि 200 जहाजं सज्ज करायची, हा अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस याचा ठराव त्यावर कोरलाय. अस्सल समकालीन पुरावा? अक्षरांचं वळण इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं आहे! जुन्या ठरावाची नक्कल की मागाहून रचलेला मजकूर, यावर अभ्यासक अजून भांडतात. आणि याच ठरावाचा गोषवारा कुठे सापडतो? तुमच्या त्या ‘बखरीत’, थेमिस्टोक्लिसच्या चरित्राच्या दहाव्या प्रकरणात. ट्रोइझेनकरांनी निर्वासितांना रोज दोन ओबोल (छोटी ग्रीक नाणी) दिले, पोरांना कुठलीही फळं तोडायची मुभा दिली, हेही तिथेच. दगडावर ते नाही.

शिलालेखाचा छापील पाठ उघडलात की चौकोनी कंस बघा. कंसातलं दगडावर उरलेलं नाही, संपादकाने अंदाजाने भरलंय. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर धड लागत नाही. नुसत्या भाषांतरावरून उतारा घेतला, की हा भराव पुरावा म्हणून खपून जातो.

प्लूटार्कचंही तसंच. तो काय म्हणतो यापेक्षा कुणाच्या हवाल्याने म्हणतो ते आधी टिपायचं. पेरिक्लिसच्या चरित्रात आयॉन, स्टेसिम्ब्रोटस आणि नाटककार क्रातिनस येतात. तिघेही पेरिक्लिसच्या काळातले, तिघांचंही लेखन आज तुकड्यातुकड्यांतच उरलंय. बखर फेकलीत की त्यातले कित्येक तुकडे गेले.

पर्सियस या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरची भाषांतरं जुनी आहेत, मडक्यांवरची चित्रं राहिली वगैरे तुमच्या बाकी तक्रारी : असेल. तो लेखाचा विषय नव्हता.

‘शिलालेखांत सगळं स्पष्ट आहे’ म्हणता, पण एकाचाही क्रमांक दिलेला नाही. द्या, मग कंसांसकट वाचू.