बाळ कापडात बांधूच नका? त्या मेसेजला उत्तर

माझ्या धाकट्या जावेने मागच्या आठवड्यात स्लिंगची, म्हणजे बाळाला अंगाशी बांधायच्या कापडाची, घडी करून ती कपाटात ठेवून दिली. तिची लेक अडीच महिन्यांची आहे. घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता: कापडी स्लिंगमध्ये बांधल्याने बाळाचे पाय फेंगडे होतात, कोवळा कणा वाकतो, अंगाची सवय लागते, बाळ गुदमरून दगावतं, हे परदेशी फॅड आहे, वर्षाच्या आत बाळाला बांधूच नका. ज्यांनी पाठवला त्यांनी काळजीपोटीच पाठवला. पण त्यातली एकच गोष्ट खरी आहे, तीही अर्धी, आणि बाकीच्या चुकीच्या गोष्टींच्या गर्दीत नेमकी तीच हरवली आहे.

परदेशी फॅडचं आधी. शेतावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका जुन्या लुगड्यात बाळ बांधून नेतात, हे आपल्याला नवीन नाही. अर्थात जुनी रीत आहे म्हणून ती बिनधोक, असंही मी म्हणणार नाही.

पाय फेंगडे होण्याची भीती तर उलटी आहे. जन्मतः खुब्याच्या सांध्यात दोष असलेल्या बाळांना डॉक्टर पॅव्हलिकचा पट्टा लावतात. त्यात पाय कसे राहतात? गुडघ्यात दुमडलेले आणि मांड्या फाकलेल्या, बेडकासारखे. नीट बांधलेल्या स्लिंगमध्येही बाळ असंच बसतं: कापड एका गुडघ्यामागच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत पसरलेलं, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर. खुब्याला त्रास होतो तो पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळल्याने. जपानमध्ये तशी रीत होती. १९७५च्या सुमारास ती सोडण्यासाठी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त होतं ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आलं. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधतात. काळजी करायची तर त्याची करावी.

कण्याचं थोडक्यात सांगते. तान्ह्या बाळाचा कणा मुळातच चंद्रकोरीसारखा वाकलेला असतो. मान धरायला लागल्यावर आणि पुढे बसता-चालता येऊ लागल्यावर त्याला मोठ्या माणसासारखी वळणं येतात. कापडाने पाठ नीट धरली पाहिजे, बाळ आत ढेपाळता कामा नये, एवढंच बघायचं.

अंगाची सवय? १९८६ साली कॅनडातल्या माँट्रियलमधल्या ९९ आया आणि बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना रोज जास्त वेळ उचलून घेतलं, ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. पुढे पोटशुळाने फार रडणाऱ्या बाळांवर असाच प्रयोग झाला तेव्हा मात्र फरक दिसला नाही, म्हणून हा रामबाण उपाय समजू नये. पण जवळ घेतल्याने बाळ बिघडतं, हे म्हणणं त्यातून कुठेच निघत नाही.

आता गुदमरण्याचं. हे खरं आहे, आणि इथेच थांबून नीट वाचा. मार्च २०१०मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने इशारा दिला: वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित १४ मृत्यू, त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली. कारणं दोन. एक, कापड नाकातोंडावर दाबलं जातं. मान न धरणाऱ्या बाळाला तोंड फिरवता येत नाही आणि एक-दोन मिनिटांत सगळं संपतं. दुसरं जास्त फसवं. बाळ पिशवीसारख्या खोलगट कापडात मुटकुळं करून पडतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. ते रडूही शकत नाही. आईला वाटतं, शांत झोपलंय.

म्हणजे बघायची ती हनुवटी. याचा पुरावा आपल्याच दवाखान्यांत आहे. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी कापडाने बांधतात. ही पद्धत १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच असं बांधल्याने नवजात मृत्यू सुमारे पाव हिस्सा कमी झाले. तिथे बाळ उभं असतं, डोकं एका कुशीला वळवलेलं, हनुवटी किंचित उचललेली. कापड दोन्हीकडे आहे, फरक बसण्याचा आहे.

म्हणून घरी बांधताना बाळ उभं ठेवा, अंगाशी घट्ट. मान वाकवून सहज मुका घेता येईल इतकं डोकं वर हवं. तोंड सतत दिसलं पाहिजे, त्यावर पदर नको. हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एक बोट मावलं पाहिजे. स्लिंगमध्ये आडवं घेऊन पाजलं, तर पिणं संपताच पुन्हा उभं करा. बाळ अपुऱ्या दिवसांचं, जुळ्यातलं कमी वजनाचं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

त्या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. स्लिंगमध्ये बाळ घेऊन गॅसपाशी उभं राहू नका. उन्हाळ्यात कापडाचा थर आणि आईची ऊब दोन्हींमुळे बाळाला उकडतं, त्यामुळे आतलं झबलं पातळ घाला. आणि स्कूटरवर स्लिंग म्हणजे सुरक्षेचा पट्टा नव्हे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना दुचाकीवर वेगळा पट्टा आणि हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. त्याहून लहान बाळाला तर दुचाकीवर नेऊच नये.

रविवारी मी जावेकडे जाणार आहे. स्लिंग कपाटातून काढू आणि आरशासमोर उभं राहून दोघी मिळून बांधू, आधी पिठाच्या पुड्यावर आणि मग लेकीला घेऊन.